सोयरीक मोडली त्या दिवशी

रविवार, ११ डिसेंबर २०१६. सौंदड. सकाळी अकराला शेजारच्या देवाजीकडे गेलो. त्याच्या शीतलला पाहायला पाहुणे येणार होते. पोहे झाले, चहा झाला, दीड वाजता पाहुणे गेले... सोयरीक मोडली.

आणि मी आज फार खूश आहे.

आमची लेक सोनू शीतलच्याच वर्गात होती. सातवीत असताना सिकलसेल या रक्ताच्या आजाराने गेली. तिचे पाय दुखायचे, तेव्हा आम्ही वात समजून तेल चोळत राहिलो...

ती गेल्यावर गावात तपासणीचं शिबिर आलं. मी आणि बायकोने रक्त दिलं, दोघांचीही तपासणीची कार्डं पिवळी निघाली. पिवळं म्हणजे वाहक. स्वतःला सहसा त्रास नसतो, पण आईबाप दोघंही पिवळे असले तर लेकराला आजार होऊ शकतो. आमचं जुळलं तेव्हा शेती विचारली, नोकरी विचारली... रक्ताचं कोणाला माहीतच नव्हतं.

त्या दिवशी आमच्यामागे रांगेत कोणी आलं नाही. पिवळं निघालं तर पोरीला कोण करेल, ही भीती. मला फारसं बोलता येत नाही. मी नुसतं माझं कार्ड सदऱ्याच्या वरच्या खिशात, दिसेल असं ठेवायला लागलो.

"बाबूजी, यावर राकेल भेटते का जी?" असं म्हणून लोक हसायचे. पण मग थांबून विचारायचेही... आणि आरोग्य केंद्राची आशाताई तपासणीला घरी आली की एकेक जण बोट पुढे करू लागला. शीतलनेही केलं. तिचं पिवळं.

आज देवाजीने मला दारातच गाठलं. "बाबूजी, आजच्या दिवस ते कार्ड आत ठेवा जी. पहिले जुळू तं द्या!"

मी कार्ड आतल्या खिशात सरकवलं. पण हात सारखा त्या खिशाकडे जात होता...

मुलगा चांगला होता. त्याची आत्या तर सगळं ठरल्यासारखीच बोलत होती. शेवटी म्हणाली, "तुले काही इचारायचं हाय का वो बाई?"

शीतलने हातातली बशी खाली ठेवली. मुलाला म्हणाली, "तुमचं कार्ड कोणतं आहे? माझं पिवळं."

देवाजीची मान खाली. मुलाने पाकीट उघडलं, कार्ड काढलं... तेही पिवळंच.

मग आत्याच म्हणाली, "मंग इथं नाही जमत. पण पोरगी मले पसंत हाय. माह्या जावेच्या पोराची तपासणी साफ निंगाली, पुढच्या इतवारी त्याले घेऊन येतो."

"आत्या, मले तं उठू दे आधी!" मुलगा म्हणाला.

आधी शीतल हसली, मग सगळं घर. देवाजीसुद्धा. मी कार्ड पुन्हा वरच्या खिशात ठेवलं.

आशाताई, तुमची इतक्या वर्षांची पायपीट आज पाहिली. शीतलच्या लेकरांचे पाय तसे दुखणार नाहीत...

घरी आलो. बायको बहिणीकडे गेली आहे. खिशातलं कार्ड काढून खिडकीत ठेवलं आणि सदरा भिजत घातला.