उलट्या नदीत विसर्जन

मांडीवर पाटासकट गणपती घेऊन मी ट्रामच्या अगदी पुढच्या बाकावर ऐटीत बसलो, आणि ट्राम मागे निघाली.

न्यू ऑर्लिन्सला नदीच्या काठाकाठाने जुन्या धाटणीची लाल ट्राम चालते. तिला दोन्हीकडे सारखंच तोंड. शेवटच्या थांब्यावर चालक ट्राम चालवायचा आपला पितळी दांडा उपसून घेतो, मधल्या वाटेने दुसऱ्या टोकाला जातो, तिथे तो बसवतो, की झालं मागचं पुढचं. बाकांच्या पाठीही उलट्या फिरवता येतात. त्या गावात काही वर्षं काढलेल्या आणि स्वतःला मेकॅनिकल इंजिनिअर म्हणवणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हरकत नव्हती.

"राहू दे तसाच," बाबा म्हणाले. "निघताना बाप्पाचं तोंड घराकडेच असावं. चुकून का होईना, तुझ्या हातून शास्त्र घडलं."

बायको हसली नाही. एरवी माझी फजिती ती फुकट जाऊ देत नाही. पण तिचं लक्ष बाहेर होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मेक्सिकोच्या आखातात वादळ आलं होतं आणि दुकानांच्या काचांवर माणसं प्लायवूड ठोकत होती. आभाळ पिवळट, जखमेवरच्या जुन्या पट्टीसारखं. वारा अजिबात नव्हता. ट्राममध्ये आम्ही तिघं सोडून कुणी नाही.

"आज राहू द्या," असं ती घरी म्हणाली होती. रेडिओ सकाळपासून सावध करत होता. मधूनच वादळ पश्चिमेला सरकेल असंही म्हणत होता, आणि मी सोयीचं तेवढंच ऐकलं होतं. आमच्याकडे गौरींबरोबर गणपती जातात, म्हणजे आजच. शिवाय आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे, नागपूरहून इतक्या लांब आले होते, आणि त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. मूर्ती वाहत्या पाण्यात जाऊ दे. तेवढंही जमत नसेल तर अमेरिकेत येऊन मी काय मिळवलं, असा माझा मोठा प्रश्न.

शेवटच्या थांब्याला चालक बाई उठल्या. चांगल्या भरदार, आवाज खर्जातला. "ही माझी शेवटची फेरी," त्या मला म्हणाल्या. "शहराला पुराची भिंत आहे ना, तिच्यातल्या दारातून आपण आत्ता बाहेर आलो. मी परत आत गेले की ते दार लोखंडी फळीने बंद करणार. मग इकडे तुम्ही आणि नदी. तुमच्या देवाला जरा लवकर निरोप द्या."

"येस, येस, टू मिनिट्स," मी म्हणालो. हे मी बायकोलाही म्हणतो. तिला त्याचा अर्थ माहीत आहे. ती ट्रामपाशीच थांबली.

नदीत उतरायला रुंद पायऱ्या आहेत. एरवी त्यांवर पोरं गिटार वाजवत बसलेली असतात. त्या दिवशी खालच्या पायऱ्या दिसतच नव्हत्या. पाणी चहाच्या चोथ्याच्या रंगाचं, आणि आवाज न करता वर येत होतं. बाबांनी आरती एका कडव्यात उरकली. मी मूर्ती तीनदा बुडवून सोडली. ती लगेच गेली. दूर्वा आणि जास्वंदी तेवढ्या वर राहिल्या आणि डावीकडून उजवीकडे चालू लागल्या.

"अरे, समुद्र कुठल्या बाजूला?"

"डावीकडे, बाबा."

"मग ही फुलं कुठे निघालीत?"

"काठाला भोवरा असतो," मी समजावलं. हायड्रॉलिक्स मला दुसऱ्या प्रयत्नात सुटलं होतं, पण सुटलं होतं. तेवढ्यात मधल्या धारेत एक अख्खं झाड दिसलं, मुळांसकट. तेही उजवीकडे चाललं होतं. शांतपणे, समुद्राकडे पाठ करून. वादळ समुद्राचं पाणी नदीत उलटं रेटत होतं.

मागे ट्रामची घंटा वाजली. "चला बाबा."

"माती?"

पाट रिकामा परत न्यायचा नाही, काठची मूठभर माती त्यावर ठेवून घरी आणायची, हा आमचा रिवाज. इथे काठ सगळा दगडी. बाबांनी पायऱ्यांच्या कडेला, मोठाल्या दगडांच्या फटीत, गाळ हेरला होता. मी "नको" म्हणेपर्यंत ते त्या दगडावर होते, आणि पुढच्या क्षणी त्यांचा पाय दगडावर नव्हता. मांडीपर्यंत ते पाण्यात गेले. मी त्यांची कॉलर धरली. पाणी ओढत नव्हतं, उलट वर ढकलत होतं, आणि तेच मला भयंकर वाटलं. बाबांना पोहता येत नाही. मलाही येत नाही. दोघंही एका हाताने एकमेकांना धरून, आणि त्यांच्या दुसऱ्या हातात पाट!

"सोडा तो!"

"तुझ्या आईने आणलेला आहे."

घंटा परत, आता थांबेचना. कसंबसं त्यांना वर ओढलं. त्यांची एक चप्पल नदीने ठेवून घेतली. आम्ही धावलो, म्हणजे मी धावलो आणि बाबा लंगडले. ट्रामच्या पायरीवर बायको उभी होती, एक पाय आत, एक खाली जमिनीवर. चालक बाई तिला सांगत होत्या, "बेबी, पाय आत घे, मला निघायलाच हवं." आणि ही मराठीत, "नाही म्हणजे नाही!" बाईंना ते बरोबर कळलं होतं.

भिंतीच्या दारापाशी रेनकोट घातलेली माणसं आमचीच वाट बघत उभी होती. ट्राम आत आली. मागे लोखंड लोखंडावर बसल्याचा आवाज दातांत जाणवला. पावसाचा पहिला फटका त्यानंतर आला.

वादळ पश्चिमेला सरकलं. आमच्या दिव्यांनी डोळे मिचकावले, एवढंच. रेडिओ खरा ठरला, पण मी ते घरात कुणाला ऐकवलं नाही. बाबांनी नखाएवढा गाळ खरोखरच आणला होता. तो घराच्या चारी कोपऱ्यांत टाकून ते झोपले.

ओले कपडे पिळता पिळता मी बायकोला म्हणालो, "लांबून का होईना, तूही नमस्कार केलास ना?"

"केला," ती म्हणाली. "पण पुढच्या वर्षी लवकर या, असं काही म्हटलं नाही मी. म्हटलं, बाप्पा, तू जा, पण माझी ही दोन माणसं इथेच ठेवून जा. आणि अहो, मला ती लगेच हवी होती. टू मिनिट्समध्ये नाही."