बिनमटणाचा सॉसेज रोल

इंग्रज माणूस पार्टीला काय खातो, हे आमच्या नागभीडकडे कोणाला ठाऊक असायचं काही कारण नाही. मलाही नव्हतं. इंग्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात नर्स म्हणून लागले आणि पहिल्याच महिन्यात एका आजोबांचा नव्वदावा वाढदिवस आला. टेबलावर मांडलेलं पाहून मी चाटच पडले. सगळं गार आणि सगळं बोटभर. पदर सुटलेल्या मैद्याच्या आवरणात गुंडाळलेला खिमा, म्हणजे सॉसेज रोल. उकडलेल्या अंड्याला खिमा थापून तळलेलं, ते स्कॉच एग. कडा कापलेलं काकडीचं सँडविच. चीज आणि अननसाचे तुकडे काड्यांना टोचलेले आणि त्या काड्या परत एका फळात खोचलेल्या. म्हटलं, बापरे, या लोकांनी आपल्यावर राज्य केलं ते हे खाऊन?

पुढे ते आवडायला लागलं. सॉसेज रोल तर फारच. आणि तेव्हापासून एक खोड लागली. तिकडे काहीही नवीन खाल्लं की पहिला विचार यायचा, हे मायसाठी कसं करता येईल?

कारण माय मटण-मासोळी खात नव्हती. म्हणजे तिने सोडलं होतं. आमचं घर धानवाल्यांचं, चांगलं खाणारं. त्यात माय सगळ्यांच्या वरची. तलावातले झिंगे घरी आले की ती भात दोनदा रांधायची. अकरा वर्षांपूर्वी मी निघाले तेव्हा स्टेशनवर सगळ्यांसमोर तिने सांगून टाकलं, "तू घरी परत येस्तोवर मी मटण-मासोळीले हात नाई लावत." आमच्याकडे बायका असं सोडतात. कोणी साखर सोडतं, कोणी पान. भावाला हसू आलं. मला राग आला. जाणाऱ्या माणसाच्या गळ्यात असं काही अडकवायचं असतं का?

दोन वर्षांनी पहिल्यांदा सुटीवर आले, तर वहिनीने हौसेने गावठी कोंबडी रांधली होती. माय वरण-भात घेऊन बसली.

"अवं, मी आली ना आता," मी म्हटलं.

"कुठी आलीस? तू त सुटीवर आलीस," ती म्हणाली आणि लोणचं मागितलं.

पुढच्या प्रत्येक सुटीत हेच. मी चिडायचे, समजवायचे, एकदा तर तिच्यापुढे माझी सगळी नर्सगिरी झाडली. रक्त कमी होईल, हाडं ठिसूळ होतील. ती सगळं ऐकून घ्यायची. खायची मात्र नाही.

या हिवाळ्यात भाचीचा दहावा वाढदिवस होता. तिने फोनवर हट्टच धरला की आत्या, मले इंग्लंडची पार्टी पाहिजे. मी आले ती बॅगेत सेज नावाच्या वाळलेल्या पाल्याची पुडी घेऊन, आणि नवा पासपोर्ट घेऊन. पासपोर्ट तिथला. महिन्याभरापूर्वीच हातात पडला होता आणि घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी सांगू, असं ठरवलं होतं. भित्रेपणा, दुसरं काय!

वाढदिवसाच्या सकाळी कामाला लागलो. वहिनीच्या ओव्हनमध्ये आजवर फक्त रिकामे डबे राहत होते, ते आधी काढले. पाहुण्यांसाठी चिकन खिम्याचे रोल करायचे होते, ते सोपं. खरं काम होतं मायच्या रोलचं. लाखोळीची डाळ उकडून भरड वाटली. वाळवलेले वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, भिजवून बारीक चिरले, कारण नुसती डाळ दाताला लागत नाही. त्यात कांदा, पावाचा चुरा, मिरी आणि सेज. स्कॉच एगमध्ये पिवळ्या बलकाच्या जागी गाजराची गोळी, तिच्यावर उकडलेला बटाटा, त्यावर हीच डाळ. जेलीत तिकडे हाडांपासून काढलेलं जिलेटिन असतं, म्हणून चायना ग्रास आणलं. अननसाच्या काड्या खोचायला पत्ताकोबीचा गड्डा घेतला.

"त्या बिचाऱ्या कोबीनं काय बिघडवलं वो तुमचं?" माय म्हणाली. सँडविचच्या कापलेल्या कडा ती डब्यात भरून ठेवत होती, एक टाकू देईना. मग माझ्या शेजारी बसून रोल वळायला लागली. तिचे माझ्यापेक्षा सुबक निघाले, याचाही मला थोडा राग आला.

पहिला ट्रे निघाला तसा मी तिला डाळीचा एक रोल दिला. तिने फुंकर मारत खाल्ला.

"मटणासारखंच लागते वो! तिथी बी करतेस का असं?"

"मनातल्या मनात करते," मी म्हटलं. "तुझ्यासाठी."

ती इतकी खूश झाली, की मलाही बरं वाटलं. पुढचा रोल वळता वळता म्हणाली, "पुढच्या पावसाळ्यात ओले वास्ते काढून ठेवीन मी. तेव्हा नाई त त्याच्या पुढच्या साली. कधी त येशीलच ना पक्की राहाले."

किती साधं बोलली ती. आणि माझं डोकं फिरलं.

"माय, सोड ना आता ते! मी नाई येत परत. मले तिथला पासपोर्ट भेटला. मी आता तिथलीच झाली. कोणासाठी करून राह्यलीस तू हे?"

कांदा चिरणारी वहिनी थांबली. मायच्या हातातला रोल अर्धा वळून झाला होता. तिने तो पूर्ण वळला, पाण्याचं बोट लावून कड चिकटवली आणि ट्रेमध्ये ठेवला.

"बरं," म्हणाली. आणि मग, "ओव्हनकडे पाह्य, करपून राह्यलं."

पार्टी झकास झाली. पोरींनी कोबीभोवती गर्दी केली, जेलीचा पाच मिनिटांत फडशा पाडला. माय सगळ्यांना वाढत होती. शेजारणींना सांगत होती, "आमच्या पोरीनं केलं हे, इंग्लंडचं आहे." मी सारखी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि मला काही कळत नव्हतं. तिला एकटीला गाठून माफी मागावी, असं म्हणत होते. पण कशाची मागायची? मी खोटं तर बोलले नव्हते.

पाहुणे गेले. आम्ही तिघी स्वयंपाकघरात बसलो. वहिनीने मायसाठी झाकून ठेवलेलं ताट पुढे केलं. डाळीचे रोल, बटाट्याची अंडी, सगळं होतं त्यात. मायने ते बाजूला सारलं.

"ते दे," ती उरलेल्या रोलच्या परातीकडे हात करून म्हणाली.

"आत्याबाई, ते चिकनचे होत," वहिनी सासूला म्हणाली.

"मालूम आहे मले."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मायने परातीतला एक रोल उचलला, मोडला, आतला खिमा पाहिला आणि खायला लागली. घाई नाही, रडणं नाही.

"मीठ कमी पडलं," म्हणाली.

तिने खावं म्हणून अकरा वर्षं मी तिच्या मागे लागले होते. आता वाटत होतं, उठावं आणि तिच्या हातातून तो तुकडा हिसकावून घ्यावा. तिने तो संपवला आणि दुसरा घेतला.