तंबूतल्या गाण्याचा अर्थ

माझ्या सासरी अल्लीपूरला एक बाई मेलेली होती, आणि तिकडे रोहण्याला ती दोन्ही वेळा भाकरी थापत होती.

ती माझी मोठी नणंद. तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतली, आणि पुढे कुणाला न विचारता रोहण्याच्या एका बिजवराशी पाट लावून मोकळी झाली. आमच्यात पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, चालायचा, पण बापाच्या संमतीने. बातमी आली तशा सासूबाई विहिरीवर गेल्या, नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर बादली उपडी केली आणि जिवंत लेकीच्या नावाची आंघोळ करून आल्या. हे माझ्या लग्नाआधीचं. मी या घरात आले तेव्हा एक नाव उच्चारायचं नाही, एवढंच मला सांगण्यात आलं.

पन्नास सालानंतरचा तो काळ. कापूस घरात आला की बाजाराच्या मोकळ्या जागेवर सिनेमाचा तंबू पडायचा. संध्याकाळी खेळाआधी लोकांना बोलावण्यासाठी भोंग्यावर गाणी लागत. त्या वर्षी तंबूवाल्याकडे एक तबकडी होती, ती रोज वाजायची. गाणारा हिंदीत म्हणायचा, जगाला सुधारायला निघालो होतो, सारं गाव फिरलो, शेवटी समजलं की सुरुवात माझ्यापासूनच करायची होती. पडलेल्याला हात दे, मग देवापुढे जोड. चाल इतकी गोड की अर्थ पोटात उतरेपर्यंत कळायचं नाही.

सासूबाई त्याच हिवाळ्यात अंथरुणाला खिळल्या. पोटाचं दुखणं होतं. वैद्य झाले, वर्ध्याचा डॉक्टर झाला, आणि मग कुणीच काही बोलेनासं झालं. दिवसभर त्या आढ्याकडे बघत पडून राहत. तंबूचा भोंगा सुरू झाला की मात्र मान वळवत.

"पोरी, काय म्हनते वं तो? बाजारातली हिंदी समजते मले. हे भलतीच हाय."

मी वर्ध्याजवळच्या बोरगावची, मॅट्रिक झालेली सून. अशी संधी मी सोडते की काय! पदर खोचला, हातात चिपळ्यांच्या जागी दोन पळ्या घेतल्या आणि खाटेपुढे उभी राहून गाण्याचं निरूपणच केलं. सासूबाईंच्या ओठांच्या कडा हलल्या. त्या घरात तेवढं हसूही फार होतं.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, दारातून ऐकत होते. म्हणाले, "खरं हाय. त्या शेजाऱ्यानं बदलालेच पाह्यजे. दरसाल धुरा सरकवून आपल्या वावरात घुसून राह्यला."

माझे यजमान पुटपुटले, "बाबानंच मनावर घ्याले पाह्यजे हे गानं."

"तू कोनाले म्हनून राह्यला रे?" मामाजी गरजले.

आणि सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "जिनं बदलाव तिचं नाव या घरात घेत नाई."

झालं! एका गाण्याचे तीन अर्थ, आणि तिन्ही दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकलेले. मी पळ्या चुलीपाशी ठेवल्या.

पुढचे दिवस वाईट गेले. सासूबाईंचं पेजेवरचं मनही उडालं. त्यांना लेक बघायची आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि वेळ थोडा आहे हेही. पण बोलावणं त्यांनीच पाठवायला हवं होतं.

एका संध्याकाळी गाणं संपलं तशा त्या म्हणाल्या, "त्याले सारं गाव दिसते, तं तो 'मी, मी'च काऊन म्हनते? दुसऱ्यायचं नाव काऊन नाई घेत?"

"घेतलं असन आधी, आत्याबाई. काई उपेग झाला नसन," मी सासूबाईंना म्हणाले.

त्या कुशीवर वळल्या. मग हळूच म्हणाल्या, "पन मी तं आंघोळ केली वं तिची. मेलेल्या मानसाले निरोप कसा धाडू?"

मी छातीवर हात ठेवून, अगदी शास्त्रीबुवांच्या थाटात सांगितलं, "मेल्याची बातमी खोटी निघाली तं त्या मानसाचं आयुष्य वाढते. तुमी तं बाईचं आयुष्य वाढवून ठेवलं."

"कोन म्हनते?"

"वर्ध्याले म्हनतात."

"वर्ध्याले काईबी म्हनतात," त्या म्हणाल्या. आणि डोळे मिटून, "धाड त्याले रोहण्याले," इतकंच.

यजमान गेले. वन्संनी म्हणे एकच विचारलं, "बोलावनं मायचं हाय का तुमच्या मनचं?"

त्या आल्या त्या दिवे लागायच्या वेळी, मागच्या बाजूने, गोठ्यातून. मामाजी मुद्दाम शेतावर जाऊन बसले होते. वन्सं खाटेवर आईच्या मागे बसल्या, अंबाडा सोडला आणि फणी घेऊन केस विंचरू लागल्या. केस फणीतच येत होते. ते त्या आईला दिसू नयेत म्हणून मुठीत गोळा करत राहिल्या. बोलून बोलून गाव जागवणारी मी तेवढा कंदील लांब सरकवून आले.

निघताना वन्सं पुन्हा गोठ्याकडे वळल्या. सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "आता येशील तं उजेडात येजो. समोरच्या दारानं. लोकायले दिसू दे."

"येतो," वन्सं म्हणाल्या.

थोड्याच दिवसांनी त्या आल्याही. भर दुपारी, अल्लीपूरच्या मधल्या रस्त्याने, कपाळभर कुंकू लावून. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं उभी होती. आमच्या दारात मामाजी पाय पसरून बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही, पण पाय आखडून घेतले आणि वाट दिली.

आत सासूबाईंना खाटेवरून खाली जमिनीवर घेतलं होतं. सकाळीच त्यांचा प्राण गेला होता. बायका बाजूला सरल्या. वन्सं डोक्याशी बसल्या, विंचरलेल्या केसांवर हात ठेवला आणि दारातल्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी आली वं माय. समोरून आली."