भिंतीवरचं मीठ

आमच्या शांती नगरात रंगकाम करणारा मुर्धा गावचा एक माणूस भिंत आधी बोटांनी ठोकतो, मग चक्क चाखतो. परवा माझ्या कपाटामागची पांढरी भुकटी त्याने जिभेला लावली.

"खारट हाय शेठ. आत पाणी मुरतंय. पहिला पाइप बघा."

"मामा, रविवारी गिऱ्हाईक घर बघायला येतंय. पुट्टी मारा आणि रंग द्या."

"न्हाय मारनार. माजा बाप मिठागरात होता. ही चव मला नका शिकवू."

"दुसरा मारेल."

"मारू दे!"

त्याने ग्रिलसाठी आणलेला लाल ऑइलपेंट उघडला, भिंतीवर 'इथं पाणी हाय' असं लिहिलं आणि ब्रश पुसून निघून गेला.

मी घाईघाईने कपाट जागेवर ढकललं. अक्षरं कपाटापेक्षा रुंद होती.