सुजाताचे तीन मायक्रोस्कोप

धुळ्याला सकाळी चहा गाळत होते, तेव्हा नानांचा फोन आला. नाना म्हणजे सुजाताचे थोरले भाऊ, एरंडोलजवळ केळी करतात. माझ्याशी ते एरवी जपून, पुस्तकी मराठीत बोलतात. त्या दिवशी अहिराणीत नुसतं म्हणाले, “ताई, सुजा गई...” आदल्या दिवशी तर ती फोनवर मला शेवग्याच्या फुलाबद्दल काहीतरी सांगत होती!

जळगावच्या एकाच कॉलेजात आम्ही दोघी शिकवायचो. तिचं वनस्पतिशास्त्र, माझं प्राणिशास्त्र, प्रयोगशाळा मात्र सामाईक. “मॅडम, सगळ्यात चांगला मायक्रोस्कोप कोणता?” असं कुणी विचारलं की ती म्हणायची, “तुला बघायचंय काय, ते आधी सांग.” मुंगीच्या मिशा बघायच्या तर दोन्ही डोळ्यांनी बघायचा स्टिरिओ. त्यात वस्तू कापावी लागत नाही, आहे तशी उठावदार दिसते. पेशी बघायच्या तर कंपाउंड. पण त्यात उजेड आरपार जायला हवा, म्हणून काप पातळ हवा. देठाचा काप घेताना ती श्वास रोखायची आणि तिच्याबरोबर अख्खा वर्गही.

एका पावसाळ्यानंतर नाना केळीची पानं पिशवीत घालून आले. पानांवर पिवळे पट्टे होते. “हरण्या असेल,” सुजाता म्हणाली. केळीचा हा विषाणूजन्य रोग आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक. पण रोगट झाडं उपटायची म्हणजे हाताशी आलेला बाग मोडायचा. नानांना ते पटेना. “ढगाळ हवामुये शे,” ते म्हणत राहिले. स्टिरिओखाली पानामागे हा रोग पसरवणारी मावा कीड दिसली. कंपाउंडखाली पेशी दिसल्या, बुरशी कुठेच नाही. “विषाणू इथे दिसणारच नाही,” ती म्हणाली. “उजेडाच्या हातात मावत नाही तो.” मग पानं घेऊन ती पुण्याला एका संस्थेत गेली. तिथे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप होता.

परतली ती एक काळापांढरा फोटो घेऊन, लहान मुलीसारखी हरखून. करड्या पडद्यावर गोल गोल ठिपके. नानांनी तो उलटसुलट करून पाहिला.

“ह्या ते मोहरीना दाना शेतस. तू सोता देखं का?”

सुजाता खरं तेच म्हणाली, “डोळ्यांनी नाही, नाना. तिथे उजेडच नसतो. इलेक्ट्रॉनांचा झोत सोडतात, त्याची सावली पडद्यावर उमटते. मी ती सावली पाहिली.”

नानांनी फोटो तिला परत दिला. उठता उठता म्हणाले, “माले काही दिसनं नही. पन तुले दिसनं ना? मंग बस.”

त्यांनी रोगट झाडं उपटून पुरली, त्याच विषाणूला आसरा देणारे, मध्ये लावलेले काकडीचे वेलही काढले. भाऊ-बहीण दोघं चिखलात उभे होते. एक कोपरा पार उघडा पडला, उरलेला बाग मात्र वाचला.

मला वाटलं, आता ही पुण्याच्या यंत्राचेच गोडवे गाणार. पण तिच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. “तिथे सगळं वाळवून, हवा काढून ठेवतात गं. इतकं बारीक दिसतं, पण जिवंत काहीच दिसत नाही... गंमतच आहे ना?” मग कितीतरी दिवस ती मेहरूण तलावाचं पाणी आणून त्याचा थेंब कंपाउंडखाली ठेवायची. एकपेशीय पॅरामेशियम सुळकन निघून जायचं आणि ती खुर्चीतून ओरडायची, “अगं, पळालं बघ!”

परवा नानांबरोबर तिच्या घरी गेले. निवृत्तीनंतर घेतलेला स्टिरिओ खिडकीपाशी तसाच होता, खाली वाळलेलं शेवग्याचं फूल. मी डोळे लावले तर दोन वेगवेगळी वर्तुळं दिसली, काही केल्या एक होईनात. “मला दोन-दोन दिसताहेत,” मी म्हणाले. दोन नळ्यांमधलं अंतर तिच्या डोळ्यांप्रमाणे लावलेलं होतं. ते सरकवायला मी हात पुढे केला.

“थांबा ताई,” नाना म्हणाले. चष्मा काढून त्यांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“माले ते एकच दिसस,” ते म्हणाले, आणि तसेच वाकून राहिले.