टॉर्पेडो बोटीवरच्या पाच चिरा

माझे वडील दोह्याला लेकीला भेटायला आले, असं व्हिसाच्या अर्जात लिहिलं होतं. खरं कारण त्यांच्या बॅगेतल्या प्लास्टिकच्या पिशवीत होतं: मोजपट्टी, भिंग आणि वर्तमानपत्रातून कापलेलं महायुद्धातल्या गस्ती टॉर्पेडो बोटीचं चित्र.

"एखादी तरी शिल्लक आसतली," ते विमानतळावरच म्हणाले. मी कशी आहे, हे गाडीत बसल्यावर विचारलं.

गोष्ट अशी. माझे आजोबा मालवणकडचे सुतार. युद्धाच्या काळात मुंबईच्या गोदीत या बोटी दुरुस्तीला यायच्या आणि आजोबा त्यांच्या फळ्या बदलायचे. लढाईच्या बोटी, पण अंग सगळं लाकडाचं. तिरप्या फळ्यांचे दोन थर आणि मध्ये कापड. आमच्याकडे नारळ फोडल्याशिवाय कुठल्याही होडीला हात लावत नाहीत. गोदीत नारळ कुठला फोडणार? म्हणून आजोबा बदललेल्या फळीवर आतल्या बाजूला, साहेबाला दिसणार नाही अशा जागी, पटाशीने पाच चिरा मारायचे. पुढे युद्ध संपलं, बोटी मोडीत निघाल्या आणि त्यातल्या काही आखातातल्या व्यापाऱ्यांनी नेल्या, असं आजोबा सांगत.

आजोबांचा एकही फोटो नाही. हत्यारं पुरात गेली. त्यांच्या हाताची एक खूण डोळ्यांनी बघायची, एवढंच वडिलांना हवं होतं. गावात यावर सगळे साठ वर्षं हसत आलेत. "लाकडाची लढाऊ बोट? भातुकलीतली काय?" असं काका भर पंगतीत विचारायचे. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आणि हा विमानप्रवास शेवटचा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमच्या हातात एक महिना होता.

मी तापट बाई आहे. आठवडाभर ऑफिसात लोकांची सॉफ्टवेअरं दुरुस्त करून शुक्रवारी मला झोप हवी असते. त्याऐवजी पहिल्या शुक्रवारी मी दोह्याजवळच्या वकऱ्याच्या किनाऱ्यावर उन्हात उभी होते आणि वडील पर्यटकांच्या एका गलबताला कान लावून त्यावर बोटांनी टकटक करत होते. वर्दीतला सिक्युरिटी गार्ड आला. "चाचा, क्या कर रहे हो?"

"टॉर्पेडो ढूँढ रहा हूँ," वडील म्हणाले.

आखातात वर्दीतल्या माणसाला असं उत्तर देत नाहीत. मी माझं ओळखपत्र काढलं, ऑफिसचं कार्ड काढलं आणि हिंदी-इंग्रजीत मिळून सगळं घराणं समजावून सांगितलं. वडिलांनी मदत म्हणून ते चित्र पुढे केलं. त्यात टॉर्पेडो स्पष्ट दिसत होता. गार्ड भला माणूस, हसून सोडलं त्याने. गाडीत मी आवाज चढवूनच नियम केला, की हा शब्द घराबाहेर काढायचा नाही. त्याऐवजी वांगं म्हणायचं.

वडील शब्दाचे पक्के. पुढच्या शुक्रवारी सूक वाकिफ या जुन्या बाजारात पितळी वस्तूंच्या दुकानात त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "पुराना बैंगन है क्या? पच्चीस मीटर का?" दुकानदाराने अत्यंत अदबीने भाजीबाजाराचा रस्ता दाखवला.

तिसरा शुक्रवारही कोरडा गेला. त्यानंतर वडिलांनी किनाऱ्याचं नाव काढलं नाही. मोजपट्टी बॅगेत गेली, मासे अर्धे ताटात राहायला लागले. मला ते बघवेना. चिडायलासुद्धा काही उरलं नव्हतं.

आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडचे एक भाई राहतात, हमद पोर्टमध्ये क्लार्क आहेत. त्यांना मी सगळं सांगितलं. "ताई, टेन्शन घेव नका," ते म्हणाले. "माज्या वलखीचा एक गलबतं दुरुस्त करनारा हाय. त्याच्या आवारात एक जुना सांगाडा पडलाय. इन्शाल्ला तोच निघंल."

गुरुवारी दुपारी ऑफिसातून लवकर सुटून मी भाईंबरोबर तो बघून आले. फळ्या सरळ, थर एक. मासेमारीचं साधं गलबत होतं ते. मी त्या सांगाड्याकडे बघितलं, मग भाईंकडे.

"पाच चिरा मारायला किती वेळ लागेल?" मी विचारलं.

भाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "खोटं काम हाय ताई. पन म्हाताऱ्या मानसासाठी हाय." मग ते उठलेच. "यल्ला, चला."

आवाराच्या मालकाकडून पटाशी घेतली. हातोडी माझ्या हातात, टॉर्च भाईंच्या. चिरा फार ताज्या दिसायला लागल्या, तेव्हा त्यांत कॉफीची पूड आणि खोबरेल तेल चोळलं. जुनं लाकूड कसं दिसतं, यावर आम्ही दोघं तज्ज्ञांसारखे भांडलोही.

शुक्रवारी वडील वाकून आत शिरले. भिंग लावलं. मग पाच चिरांवर तळहात ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "गावली," ते म्हणाले. तिथूनच व्हिडिओ कॉल लावून काकांना चिरा दाखवल्या. काका पहिल्यांदाच हसले नाहीत. भाईंनी डोळे पुसले. मला स्वतःची लाज वाटत होती आणि त्याहून जास्त आनंद होत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते. वडील ओट्याला टेकून उभे राहिले.

"बाये, तुझो आजो डावरो होतो."

माझे हात थांबले.

"डावऱ्याची चीर उलट्या बाजूक कलता. फळी सरळ, थर एकच. आणि खोबरेलाचो वास ऐंशी वर्षां टिकलो म्हणजे कमालच झाली."

"मग रडलात कशाला?" मी विचारलं.

"साठ वर्षां सगळे माका हसले. माज्या येडेपणासाठी हातात पटाशी कोणी घेतल्यानी नाय. तू घेतलंस." मग नाक ओढून ते एकदम मास्तर झाले. "पण पटाशी अशी धरतत काय? हाड इकडे."

घरात आणून द्यायला पटाशी नव्हती. त्यांनी सुरी घेतली, तीही डाव्या हातात. स्वतः उजवे, त्यामुळे सुरी घसरत होती. आजोबा मनगट कसं वळवायचे, ते दाखवत त्यांनी पाच चिरा मारल्या. माझ्या नव्या पोळपाटावर, अगदी मधोमध. मी ओरडले. दोन दिवसांनी ते गावी गेले.

आजोबांनी साहेबाच्या भीतीने खूण लपवली. आमची रोज पोळीवर उमटते. भाई जेवायला आले की पोळी उजेडात धरून चिरा मोजतात आणि मगच तोडतात. आणि वडील फोनवर अजूनही आधी मी कशी आहे हे विचारत नाहीत. "पोळी दाखव," म्हणतात, आणि पाचही दिसल्या की चष्मा काढून पुसतात.