लेसियाला चोर व्हायचं होतं

लेसिया डॅनिलुकच्या आयुष्यात आधी आईच्या आजारपणाचं अंथरूण आलं, मग थोरल्या भावाचं, ओरेस्टचं. कॅनडातल्या यॉर्कटन गावच्या त्याच घरात, त्याच खिडकीशी. गेल्या वसंतात ओरेस्ट गेला आणि साठीला टेकलेल्या या बाईला कळेना, आता सकाळी उठून करायचं काय. लोक पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, घेऊन आले, फ्रीझर भरून गेले, चार शब्द गोड बोलले. पुढं हिवाळा लागला. उणे तीसच्या थंडीत कोण कुणाकडे रोज येणार? लेसियानं कुणाला बोल लावला नाही. तो तिचा स्वभावच नव्हे.

लायब्ररीतली मर्ल फ्रीसन मात्र हात धुऊन मागं लागली.

"दर रविवारी दुपारी आम्ही चौघं लॅपटॉपवर जमतो. मी गोष्ट चालवते, बाकीचे त्यातली पात्रं होतात, फासे टाकतात. तूही ये गं. बूटसुद्धा चढवायला नकोत."

लेसिया हो म्हणाली ती काही गोष्टीच्या ओढीनं नव्हे. रविवारी दुपारी त्या घरात माणसांचे आवाज यावेत, एवढंच तिला हवं होतं. पण ते फार हवं होतं.

नव्या माणसानं आधी आपलं पात्र घडवायचं असतं. लेसियानं पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्यात काय कमी आहे?"

"देवासारख्या आलात हो!" ड्वेन गरजला. हा मेलफर्ट गावचा, धान्याचा ट्रक चालवणारा. खेळात तो ग्रुम नावाचा कुऱ्हाडवाला राक्षस होता, आणि आवाजापुरता खेळाबाहेरही. "आमचा वैदू खेळ सोडून गेला. तेव्हापासून कुणी जखमी झालं की आम्ही नुसते एकमेकांची तोंडं बघतो."

झालं. लेसियानं निमूटपणे वैदू घडवली. शांत, सोशिक, झोळीत मलमं.

मर्लनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुणालाच काही झालेलं नसतं, तेव्हा ही काय करते?"

लेसिया म्हणाली, "कुणाला ना कुणाला काहीतरी होतंच की."



"लेसिया, आम्हाला काय हवंय ते सोड," मर्ल म्हणाली. "तुला काय व्हायचंय?"

हा प्रश्न तिला शेवटचा कुणी विचारला होता, हे तिला आठवेना. तोंडातून आपसूक निघालं, "चोर." आणि मग बाई थांबेचना. चोर बारीक चणीची हवी, छपरांवरून पळणारी, श्रीमंतांच्या स्वयंपाकघरातून गरम केक उचलणारी. आई नाही, बाप नाही, भाऊ नाही, मागं कुणी म्हणजे कुणी नाही.

"आलंच ते!" मर्ल हसत म्हणाली. "सगळे नवखे पहिल्याच दिवशी आईबापांना मारून मोकळे होतात."

लेसिया लाजेनं लालबुंद झाली. पण खूप दिवसांनी हसलीही. आणि लगेच तिला वाटलं, आपण चोर झालो तर यांना आपला उपयोग काय? मग कशाला ठेवतील आपल्याला?

"राहू दे," ती घाईनं म्हणाली. "मी वैदूच होते. मला सवय आहे."

ग्रुमला ड्वेननं सहा वर्षं पोसलं होतं. खेळातल्या पुढच्या पायरीवर त्याला एका दमात दोन घाव घालता येणार होते, आणि ड्वेन हिवाळाभर त्याच दिवसाची वाट पाहत होता.

"ग्रुम शिकेल," तो म्हणाला. "दोन घाव नकोत. ती पायरी मलमपट्टीला लाव."

"नक्की? परत घेता येणार नाही," मर्लनं बजावलं.

"नक्की म्हटलं ना! काय हो लेसिया, तुम्ही चोऱ्या करा बिनधास्त."

लेसियाला आभार मानायचे होते. तिनं समोरच्या कागदावरचं 'वैदू' खोडलं आणि 'चोर' लिहिलं.

पुढच्याच रविवारी तिची चोर एका सरदाराच्या छपरावर चढली. फासे फिरले, खालून बाण आला आणि खांद्यात रुतला. चोर धाडकन अंगणात पडली. लेसिया घाईघाईनं म्हणाली, "काही नाही, काही नाही, तुम्ही पुढं चला."

ग्रुम पुढं गेला नाही. कुऱ्हाड खाली ठेवून तो तिच्याशेजारी मांडी घालून बसला, असं ड्वेननं सांगितलं. मग ग्रुमच्या घोगऱ्या आवाजात, पण हळू, म्हणाला, "ये पोरी, टेक अशी. कुठं दुखतंय?"

लेसिया उत्तर शोधू लागली. हा प्रश्न ती इतरांना विचारायची. सांगायचं कसं असतं, तिला ठाऊक नव्हतं.

"खांदा," ती म्हणाली.

"बरं. अजून?"

चोराला दुसरीकडे कुठंच लागलं नव्हतं. ओरेस्टला उचलून उचलून अधू झालेली पाठ लेसियाची होती, आणि ती तिनं आजवर डॉक्टरलाही दाखवली नव्हती.

"पाठ," ती म्हणाली, आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "पाठ फार दुखते रे."

फाशांच्या हिशेबानं बाण फक्त खांद्यात लागला होता, हे मर्लला माहीत होतं. तिनं फासे बाजूला सारले.

"मग पाठही बघू," ग्रुम म्हणाला. "निवांत बस. आम्हाला कसलीच घाई नाही."